एमिग्रे: मासिक बंद पडलं, अक्षरं नाही

'एमिग्रे' या ग्राफिक डिझाइनच्या अमेरिकन मासिकाबद्दल एक मत आहे: नव्वदच्या दशकातलं वाचता न येणारं फॅड, २००५ मध्ये ६९ अंकांवर आटोपलं. हे मत अर्धंच पटलं. काही अंकांची मांडणी डोळ्यांना शिक्षाच होती, मान्य. नामवंत डिझायनर मासिमो विन्येली तर उघड खवळले होते. पण मासिक संपलं म्हणजे प्रभाव संपला, हे कसं? रूडी वँडरलान्स मासिक काढायचे आणि त्यांच्या पत्नी झुझाना लिको त्यासाठी नव्याकोऱ्या मॅकिंटॉश संगणकावर ठोकळे जोडल्यासारखी अक्षरं घडवायच्या. लोक तेच फॉन्ट मागायला लागले, धंदा उभा राहिला आणि पुढे त्याच पैशावर मासिक चाललं. मासिकाच्याच पानांवर फॉन्ट वापरून दाखवायचे, ही जाहिरात आज प्रत्येक फॉन्टवाला करतो. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने एमिग्रेचे ओकलंड, टेम्प्लेट गॉथिक वगैरे फॉन्ट संग्रहात घेतले, ते उगाच नाही.

आणि 'वाचता न येणारं' म्हणताना एमिग्रेचाच १९९६ चा 'मिसेस ईव्हज' हा फॉन्ट विसरू नका. बॅस्करव्हिल या अठराव्या शतकातल्या इंग्रजी टाइपवर बेतलेला, अगदी सौम्य. एका इंग्रजी स्मरणिकेला मी तो हौसेने लावला होता. त्यातली लहान लिपीतली अक्षरं इतकी बुटकी, की ११ पॉइंटचा मजकूर ९ चा वाटतो. 'चष्मा पण द्या सोबत,' म्हणून प्रूफ परत आलं! १३ पॉइंट केला, तर आठ पानं वाढली. छपाईचा खर्च अर्थातच माझ्या नावावर. फॉन्ट मात्र अजून वापरतो.