ब्रेसेस असलेल्या मुलासाठी रग्बीचा माउथगार्ड इंदूरमध्ये कुठे मिळेल?

मदत हवी आहे. येत्या शनिवारी धाकट्याच्या शाळेचा सेव्हन्स रग्बीचा (प्रत्येक संघात सात खेळाडू) सामना आहे, तोही कट्टर प्रतिस्पर्धी शाळेशी. सात-सात मिनिटांचे दोनच हाफ, पण घरात दुसरा विषय नाही. जर्सी आत्तापासूनच इस्त्री करून खुंटीला टांगलेली आहे. सरांनी स्पष्ट सांगितलंय, माउथगार्ड (दातांवर बसवायचं संरक्षक कवच) नसेल तर मैदानात उतरायचं नाही. बरोबरच आहे ते, टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडताना, समोरच्याचा खांदा किंवा गुडघा थेट तोंडावर बसू शकतो.

अडचण अशी की त्याच्या वरच्या दातांना ब्रेसेस आहेत. खेळाच्या दुकानांत गरम पाण्यात मऊ करून चावायचा साधा गार्डच दाखवतात. तो ब्रॅकेटांत (दातांवर चिकटवलेल्या ब्रेसेसच्या तुकड्यांत) रुतून बसतो आणि काढताना तार उचकटू शकते. ब्रेसेससाठीचा सिलिकॉनचा, पुढे खाच असलेला गार्ड ऑनलाइन दिसतोय, पण तो शनिवारनंतर पोहोचेल. आमचे नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी आहेत. बॉक्सिंग किंवा हॉकीचा असला तरी हरकत नाही, ब्रेसेसवर नीट बसला पाहिजे. राहतो लोकमान्य नगरात, पलासिया-विजयनगरपर्यंत कुठेही जाऊ.

असा गार्ड तयार कुठे मिळेल, किंवा कोणी दंतवैद्य दोन-तीन दिवसांत माप घेऊन करून देतील का?