इमारत सुटली, मग आमचं चर्च कुठे आहे?

प्रश्न: आमच्या मंडळीचा भाडेकरार संपला. आता रविवारची उपासना एका कुटुंबाच्या दिवाणखान्यात होते. वचन तेच, प्रभुभोजन तेच, माणसंही तीच. पण आई म्हणते, "हे चर्च नव्हे." तिचा बाप्तिस्मा, लग्न, सगळं त्या जुन्या वास्तूत झालं, तिचं दुःख मला खोटं वाटत नाही. काय सांगू तिला?

उत्तर १: बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये ८:३ वाचा. शौल (पुढे हाच प्रेषित पौल झाला) मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचा, छळ करतो तो घरोघर शिरून, स्त्री-पुरुषांना ओढून नेऊन. पाडायला इमारतच नव्हती! पुढे पौल म्हणूनही तो प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो.

उत्तर २: मान्य. पण वास्तूची ओढही जुनीच आहे. सीरियातल्या ड्यूरा-युरोपोस इथे इ.स. २४०च्या सुमारास ख्रिस्ती लोकांनी एक राहतं घर उपासनेसाठी बदलून घेतलं. बाप्तिस्म्याची वेगळी खोली केली, भिंतींवर मेंढपाळाचं चित्र काढलं. ३१३मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, हे त्याच्याही आधीचं. आईंना रडू द्या, समजावायची घाई नको.

प्रश्नकर्ती: शौलाचा उतारा आज रात्री तिला वाचून दाखवते. रविवारची पहिली प्रार्थनाही तिलाच करायला सांगेन.