भायखळ्याची खोली, मेट्रो ११ आणि आजोबांच्या नावची पावती

प्रेषक: संदेश (सध्या मुंबईत)
विषय: रविवारच्या बैठकीआधी उत्तर हवं

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी चाळीची बैठक आहे म्हणून थेट सगळ्यांना लिहितोय. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने मेट्रो ११ ला मान्यता दिली, तेव्हापासून चाळीत दुसरा विषय नाही. आणिक आगार ते गेटवे, साडेसतरा किलोमीटर, १४ पैकी १३ स्थानकं जमिनीखाली. भायखळा आणि नागपाडा ही दोन्ही आमच्या अंगावरची. अजून नोटीस नाही, मोजणीला कोणी आलेलं नाही. पण चाळ कमिटीने आत्तापासून प्रत्येक खोलीचे कागद मागितलेत आणि आमच्या खोलीची भाडेपावती अजून आजोबांच्या नावाने फाटते. आजोबा १९९४ मध्ये गेले, बाबा २०११ मध्ये.

खोलीत आई राहते. शिमग्याला लांज्याला जाते ती आंबे आटोपून येते. धाकटा भाऊ विरारला, मी तुमच्यात मेलबर्नला. भाडं घ्यायला येणारा मेहता म्हणतो, तिघांतलं एक नाव ठरवा, मग बोलू. भाऊ म्हणतो दादाचं लावा, तो थोरला. आई म्हणते तुम्ही ठरवाल ते.

गिरगावकरांनो, तुमच्याकडे मेट्रो ३ च्या वेळी हे सगळं होऊन गेलंय. कुणाचं नाव लावलंत? आणि बोगदा खणायच्या आधी घराचं काय काय करून ठेवायचं?

संदेश

---

प्रेषक: मेधा
विषय: उत्तर: रविवारच्या बैठकीआधी उत्तर हवं

संदेश, आईंचं नाव. दुसरा विचारच करू नकोस. जो त्या खोलीत रोज चूल पेटवतो त्याचंच नाव पावतीवर हवं.

आमच्या माहेरच्या चाळीतलं सांगते. गिरगाव स्टेशनसाठी जे. एस. एस. रोडवर पत्रे लागले, तेव्हा ज्यांच्या पावत्या हयात माणसाच्या नावावर होत्या त्यांचं बोलणं पहिल्या बैठकीतच संपलं. ज्यांच्या पावत्या पणजोबांच्या नावाने होत्या, ते वारसदाखले काढत फिरले. एका बिऱ्हाडात चार भाऊ, त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत. काय झालं असेल ते तूच समज. गिरगाव-काळबादेवीत काही इमारती जाणारच होत्या. तिथले लोक त्याच परिसरात घर मिळालं पाहिजे म्हणून अडून बसले आणि ते तत्त्व मान्य करून घेतलं. पण ‘आमचं घर’ म्हणायला कागद लागतो.

दुसरं, भिंती. आमच्या समोरच्या काकूंनी काम सुरू व्हायच्या आधी भिंतीवरच्या प्रत्येक भेगेचा फोटो काढून ठेवला होता. पुढे नवी भेग पडली तेव्हा ठेकेदाराचा माणूस आला, फोटो बघितले आणि दुरुस्ती करून दिली. शेजारच्या खोलीला तोच माणूस म्हणाला, ‘ही जुनीच आहे.’ त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

मशीनने आमचं गिरगाव किती हललं ते आम्हाला माहीत. रात्री भांडी वाजायची. तरी आज माझी ऐंशीची मावशी चिराबाजारातून विमानतळापर्यंत वातानुकूलित गाडीत बसून जाते, हेही खरं. ९ ऑक्टोबरला लोकांसाठी सुरू झाली त्याच आठवड्यात ती जाऊन आली.

मेधा

---

प्रेषक: सचिव
विषय: उत्तर: उत्तर: रविवारच्या बैठकीआधी उत्तर हवं

सर्व सभासदांना विनंती, ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. घर, जमीन, वारसा यासाठी आपण मागच्या वर्षी वेगळा गट केला आहे आणि तो विद्याताई सांभाळतात. संक्रांतीच्या हॉलचे पैसे अजून निम्म्या लोकांचे आलेले नाहीत, त्याच्या मेलला मात्र उत्तर नाही.

---

प्रेषक: विलास
विषय: मशीन नव्हे

सचिवसाहेब, पैसे काल पाठवले. पण हा विषय इथेच चालू द्या. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या खोल्या अजून मुंबईत आहेत.

मेधाताई, एक दुरुस्ती. तुमच्याकडे स्टेशन मशीनने खणलेलं नाही. मशीन म्हणजे टीबीएम. ते दोन स्टेशनांमधला गोल बोगदा पाडतं. मेट्रो ३ वर अशी १७ यंत्रं होती. पहिलं २०१८ च्या सप्टेंबरात विमानतळाच्या टी-२ ला बाहेर आलं, शेवटचं, बेचाळिसावं भुयार ३० नोव्हेंबर २०२२ ला महालक्ष्मीला फुटलं. स्टेशनचं पोट साधारणपणे वरून रस्ता उघडून खणतात. गिरगाव-काळबादेवीत रस्ता इतका अरुंद आणि इमारती इतक्या रस्त्याला लागून की तसं करणं शक्य नव्हतं. म्हणून तिथे एनएटीएम पद्धत वापरली. उभी विहीर खणून खाली उतरायचं, आडवं थोडं थोडं फोडायचं, फोडलेल्या भागावर लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, खडकात बोल्ट ठोकायचे, किती हललं ते मोजायचं आणि मगच पुढचा घास घ्यायचा. वेळ जातो, पण वरची इमारत उभी राहते.

संदेशने विचारायचं ते हे: आमच्या भागात स्टेशन कोणत्या पद्धतीने? उघडं खणणार असाल तर रस्ता किती वर्षं बंद आणि चाळीपासून खड्डा किती लांब? विहीर खणणार असाल तर ती कुठे? कारण विहिरीच्या तोंडाशी रात्रभर डंपर उभे राहतात आणि लोकांची झोप बोगद्यापेक्षा डंपरने जास्त मोडते. दक्षिण मुंबईत रात्रीच्या कामावरून प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं होतं, २०१७ च्या अखेरीस रात्रीचं काम थांबवलंही होतं.

भिंतीला काचेची पट्टी किंवा भेगमापक, इमारतीच्या कोपऱ्याला कल मोजणारं यंत्र, जोत्यावर खचण्याच्या खुणा. हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी बसलं पाहिजे. नंतर बसवलेल्या यंत्राला ‘आधी कसं होतं’ हे सांगता येत नाही. चाळ कमिटीने आकडे दर आठवड्याला नोटीस बोर्डावर लावायची मागणी करावी.

विलास

---

प्रेषक: अमेय
विषय: उत्तर: मशीन नव्हे

विलासकाका, आपल्या मेलबर्नच्या टाउन हॉल आणि स्टेट लायब्ररी स्टेशनांचंही हेच ना? स्वॉन्स्टन स्ट्रीटवरच्या ट्राम चालू ठेवून खालून पोकळी कोरली. ३० नोव्हेंबरला उघडलं त्या दिवशी मुलांना घेऊन गेलो होतो. खांबांमधली ती उंची बघून मुलगी वर बघतच राहिली. इथे आजूबाजूच्या दुकानांना दर महिन्याला पत्र यायचं, पुढच्या चार आठवड्यांत कोणत्या रात्री आवाज होईल ते तारखेसकट. भायखळ्यात हे मागता येणार नाही का?

---

प्रेषक: विलास
विषय: उत्तर: उत्तर: मशीन नव्हे

पद्धत त्याच जातीची, पण दगड वेगळा. मेलबर्नच्या मध्यवस्तीखाली सिल्टस्टोन आहे, यांत्रिक दात लावलेल्या रोडहेडरने कोरता येतो. मुंबईत बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, आणि मध्ये मध्ये ब्रेशिया, टफ हे ज्वालामुखीच्या तुकड्यांचे, राखेचे दगड. दहा मीटरवर काळा कातळ, पुढे पाऊल टाकलं की हाताने खरवडेल असा थर. त्यात मुंबईचं पाणी. २६ मे ला आचार्य अत्रे चौक स्टेशनात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंच. काम चालू असलेल्या प्रवेशद्वाराशी पाणी अडवायला बांधलेली भिंत पडली आणि पाणी थेट फलाटावर उतरलं. भायखळा-नागपाडा सखल आहे. संदेश, पावसाळ्यात उघड्या तोंडाभोवतीची भिंत किती उंच ठेवणार, हाही प्रश्न लिहून घे.

पत्राचं मागता येईल. जरूर मागा.

---

प्रेषक: आप्पा (गुहागरहून)
विषय: पावतीबद्दल

बोगद्याचं विलास सांगेल, त्यात मी पडत नाही. मी पावतीबद्दल लिहितो, कारण आमच्या घरात हे कोकण रेल्वेच्या वेळी झालं.

रेल्वेची रेघ आमच्या घरच्या कलमांतून गेली. सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली वारस चढले होते, त्यांत पाच मुलगे आणि तीन मुली. मुली सासरी, एक आत्या बडोद्याला. मोबदल्याच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. थोरल्या काकांनी ठरवलं, आत्यांना कशाला त्रास द्यायचा, आपण घेऊ आणि नंतर वाटू. आत्यांना ते बाहेरून कळलं. १९९८ मध्ये गाडी धावली, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदाही पार झाला, पण आमच्या घरी गणपतीत आत्या अजून येत नाहीत. रकमेवरून नव्हे. विचारलं नाही म्हणून.

तेव्हा संदेश, आईचं नाव लावा हे मेधा म्हणते ते मला पटतं, पण विरारच्या भावाला आधी समोर बसवून सांग. तो ‘दादाचं लावा’ म्हणतोय ते मोठेपणाने म्हणतोय, की आईच्या नावावर लागलं तर पुढे आपलं काय या काळजीने, हे तुला इकडे असताना कळेल. मेलबर्नला परत गेल्यावर फोनवर कळायचं नाही.

आप्पा

---

प्रेषक: विद्या
विषय: उत्तर: पावतीबद्दल

वेगळ्या गटाचं नाव निघालंच आहे तर लिहिते. हे प्रश्न तिथे विचारले की उत्तरं जपून राहतात, पुढच्या माणसाला सापडतात. असो.

आप्पा, सातबारा आणि भाड्याची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतजमीन वारसांत वाटली जाते. पागडीच्या खोलीत मालकी मालकाची, आपला हक्क भाडेकरूचा, आणि तो कुणाकडे जातो हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ७ मध्ये लिहिलं आहे. भाडेकरू वारला तेव्हा त्याच्या घरातलं जे माणूस त्याच्यासोबत राहत होतं, ते भाडेकरू. असं कुणी नसेल तर वारस. एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. आजोबा गेले तेव्हा १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, पण सोबत राहणाऱ्या माणसाचा हक्क त्यातही होता.

म्हणजे आजोबांसोबत बाबा राहत होते, बाबांसोबत आई. संदेश २०११ मध्ये इथे होता, भाऊ विरारला असेल तर तोही तिथे नव्हता. थोरला-धाकटा हा प्रश्न कायद्यात येतच नाही. मेहत्याने ‘तिघांतलं एक ठरवा’ म्हणायचंही कारण नाही.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. आई गावी जातात. कलम १६ मध्ये मालकाला खोली परत मागायची जी कारणं दिली आहेत, त्यांतलं एक असं: खोली सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय वापरात नसेल, तर. शिमगा ते आंबे ठीक आहे. पण आपल्याकडे कितीतरी आया शिमग्याला जातात, भात लावतात, आणि ‘आता गणपती करूनच येते’ म्हणतात. शिमगा ते गणपती म्हणजे सहा महिने होतात. स्टेशन येणार, भाव चढणार, मग कुलूप मोजणारे लोकही येणार. खोली बंद ठेवू नका. आई गावी असतील तेव्हा भावाने आठवड्याला जाऊन राहावं, लाइट बिलात वापर दिसू दे. त्याने भावाचाही त्या घराशी संबंध राहील, आप्पा म्हणतात ती काळजीही थोडी कमी होईल.

कागद: आजोबा आणि बाबांचे मृत्यू दाखले, मिळतील तितक्या जुन्या पावत्या, रेशनकार्ड (आईंचं नाव गावच्या कार्डावर असेल तर आधी ते बघा, हे फार घरांत अडतं), मतदार यादीतला उतारा, लाइट बिल, आणि दोन्ही मुलांचं ‘आईच्या नावाला हरकत नाही’ असं लिहून दिलेलं. मालकाला अर्ज रजिस्टर पोस्टाने. आणि भाडं थकवू नका, पावती कुणाच्याही नावाची असो. भाडं घेऊन पावती न देणं कायद्याला मान्य नाही.

इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी असेल, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जुने दुरुस्तीचे कागद असतात. ते कमिटीने काढून ठेवावेत. मेट्रो येईल तेव्हा येईल, चाळ त्याच्या आधी धोकादायक ठरली तरी हेच कागद लागतात.

विद्या

---

प्रेषक: मेधा
विषय: उत्तर: उत्तर: पावतीबद्दल

विद्या, रेशनकार्डाचं अगदी बरोबर. माझ्या वहिनीचं नाव वेंगुर्ल्याच्या कार्डावरून काढायलाच महिने गेले.

विलासराव, यंत्र मोठं की विहीर, भांडी वाजायची ती वाजायचीच. पण फवाऱ्याचं माहीत नव्हतं.

---

प्रेषक: संदेश
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पावतीबद्दल

सगळ्यांचे मनापासून आभार. विद्याताई, यापुढे त्याच गटात लिहीन.

आप्पा, काल भावाला बोलावलं. जेवण झाल्यावर बोललो. तुम्ही म्हणता तेच निघालं. त्याला वाटत होतं आईच्या नावावर लागलं की मी तिकडून कागद करून खोली माझ्या मुलांकडे नेईन. मी त्याला सांगितलं, मी मुंबईत परत राहायला येईन असं मला वाटत नाही, आणि आईला बघणारा तू आहेस. हरकत नसल्याचं दोघांनी लिहून दिलं. त्यातच त्याच्या सांगण्यावरून एक वाक्य घातलं की आईनंतरचा विचार दोघांनी मिळून करायचा. त्याचा कायद्याला उपयोग नसेलही. त्याला बरं वाटलं. आई मध्येच उठून चहा करायला गेली ती बराच वेळ आली नाही.

आईचं नाव गावच्या कार्डावरच आहे. सोमवारी शिधावाटप कार्यालयात जातो. ती गावी असेल तेव्हा शनिवार-रविवार भाऊ इथे राहायला येणार.

बैठकीत मांडायचं असं लिहून घेतलंय: पद्धत कोणती, विहीर कुठे, काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक इमारतीची पाहणी आणि तिची प्रत भाडेकरूच्या हातात, आकडे बोर्डावर, रात्रीच्या कामाचं महिन्याचं पत्र, पावसाळ्यातली भिंत. नोटीस यायच्या आत हे सगळ्या चाळींनी मिळून एका पत्रात द्यावं, असं मी सुचवणार आहे.

विलासकाका, भिंतींचे फोटो आज काढतोय. मोबाइलवरचे चालतील ना?

संदेश

---

प्रेषक: विलास
विषय: फोटो

चालतील. प्रत्येक भेगेशेजारी फूटपट्टी धरून काढ, आणि त्या दिवशीचा पेपर तारीख दिसेल असा भिंतीला लावून. एक जवळून, एक पूर्ण भिंत येईल असा लांबून. जिन्याखालचा भाग आणि मोरीची भिंत विसरू नकोस, चाळीत आधी तिथेच फुटतं. छापून दोन प्रती कर. एकीवर कमिटीच्या सेक्रेटरीची सही आणि तारीख घे, ती आईकडे ठेव. दुसरी भावाकडे.