मदत हवी आहे : ह्यूगो आणि झोला यांची तुलना कोणत्या निकषावर करावी?

स्वच्छंदतावाद (रोमँटिसिझम, भावना आणि व्यक्तीच्या स्वातंत्र्याला महत्त्व देणारा साहित्यप्रवाह) आणि निसर्गवाद (नॅचरलिझम, माणूस आनुवंशिकता आणि परिस्थितीनं घडतो असं मानणारा प्रवाह) यांवर तुलनात्मक लेख लिहितेय. फ्रेंच लेखक ह्यूगोची 'ले मिझराब्ल' (1862) आणि झोलाची 'जर्मिनाल' (1885) या कादंबऱ्या ठरल्या आहेत, त्या बदलता येणार नाहीत. फ्रेंच येत नाही, दोन्ही इंग्रजी अनुवादातून वाचल्यात.

'भावना विरुद्ध वास्तव' हा निकष लावून पाहिला, पण तो टिकत नाही. ह्यूगो पॅरिसच्या गटारांचं वर्णन पानंच्या पानं करतो, आणि झोलाचा शेवट तर जमिनीखाली अंकुरणाऱ्या माणसांच्या स्वप्नाचा आहे!

सध्या पात्रांच्या निर्णयांकडे बघतेय. आपल्या नावावर भलताच माणूस शिक्षा भोगणार, हे कळल्यावर ह्यूगोचा नायक जाँ व्हालजाँ रात्रभर स्वतःशी झगडतो आणि कोर्टात जाऊन खरं सांगतो. पाण्यानं भरलेल्या खाणीत झोलाचा नायक, खाणकामगार एतिएन आपल्या प्रतिस्पर्ध्याला, शावालला मारतो, तेव्हा झोला त्यामागे रक्तातून आलेली हिंसा दाखवतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. अडचण एवढीच, की एतिएन संपाचं नेतृत्व स्वतःच्या विचारानं करतो. मग तो निव्वळ आनुवंशिकता आणि परिस्थिती यांच्या हातातला कसा म्हणायचा?

झोलाचा 1880चा प्रायोगिक कादंबरीवरचा निबंध वाचलाय, त्यामुळे व्याख्या नकोत. इच्छास्वातंत्र्य हा निकष पुरेसा आहे, की निवेदकाचं पात्रापासूनचं अंतर मोजणं जास्त योग्य ठरेल?