वय ४३, नंबर मायनस साडेचार: लेझर की प्रोग्रेसिव्ह?

मुलुंडकरीण: नववीपासून चष्मा आहे, नंबर बरीच वर्षं तेवढाच. पावसाळ्यात एसी लोकलमधून दादरला उतरलं की काचांवर वाफ धरते आणि ओढणीनं पुसेपर्यंत गर्दी मला जिन्याशी नेऊन सोडते. नणंदेनं तिशीत लेझर केलं, तेव्हापासून मागे लागलीय, ‘वहिनी, करून टाका.’ पण हल्ली वेगळंच सुरू झालंय. औषधाच्या पाकिटावरची तारीख चष्म्यातून दिसत नाही, चष्मा काढला की लख्ख दिसते. खर्च एकदाच करायचाय, लेझरवर नाहीतर प्रोग्रेसिव्हवर (एकाच काचेत वर लांबचं, खाली वाचायचं). चाळिशीनंतर लेझर केलेलं कुणी आहे का?

काउंटरमागचा: ताई, परळला चष्म्याच्या दुकानात असतो, तेव्हा माझा कल कुठे असेल ते धरूनच वाचा. लेझर बुबुळाचा पुढचा पारदर्शक भाग तासतं. चाळिशी लागते ती आतलं भिंग कडक होत गेल्यामुळे, आणि त्याला लेझर हात लावत नाही. तारीख लख्ख दिसते ती तुमच्या मायनस नंबरची कृपा. तो शून्य केलात की तारखेला, मोबाइलला, तांदूळ निवडायला जवळचा चष्मा आलाच. नणंदेला हे कळायला अजून अवकाश आहे.

एक डोळा लांबचा आणि दुसऱ्यात थोडा मायनस, असंही करतात. काहींना जमतं, काहींचं डोकं धरतं. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून तसं बघता येतं, ते केल्याशिवाय हो म्हणू नका.

ठाण्याचा बाळू: मी केलंय, चाळिशी उलटल्यावर. खूश आहे, कारण मला पोहायला हवं होतं. वाचायचा चष्मा खिशात असतो, एसीत डोळे चुरचुरतात, थेंब घालतो. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, साडेसातच्या खालच्या नंबराला पैसे मिळत नाहीत. आधी बुबुळाची जाडी आणि आकार मोजून घ्या, बाहुली मोठी करून मागचा पडदाही बघून घ्या. नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते, म्हणून पडद्याची तपासणी पुढेही सुटत नाही. आणि फाइल फेकू नका! उद्या मोतीबिंदू झाला तर लेन्सचा नंबर काढताना ऑपरेशनआधीचे आकडे कामाला येतात.

मुलुंडकरीण: म्हणजे नाकावरचा जाऊन पर्समध्ये येणार! माझं दिवसभर व्हाउचर तपासायचं काम, पोहण्याशी संबंध नाही. तूर्त प्रोग्रेसिव्ह. फ्रेम कशी घेऊ?

काउंटरमागचा: जरा उभी घ्या, पट्टीसारखी बारीक नको, वाचायचा भागच कापला जातो. फ्रेम नाकावर बसवून बाहुलीची खूण काचेवर पेनानं करून घ्या. ती चुकली तर कितीही महाग काच घ्या, व्हाउचर मान वर करूनच वाचाल. पहिले काही दिवस जिना उतरताना हनुवटी खाली घ्या, नाहीतर पायरी वाचायच्या भागातून धूसर दिसते.