मदत हवी आहे : खेड्यातल्या घरासाठी हत्यारांची पेटी, नेमकं काय घ्यावं?

राळेगावकडचा
यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं. पुढच्या तीन खोल्या विटा-सिमेंटच्या, मागची स्वयंपाकखोली जुन्या मातीच्या भिंतींची, तिच्यावर टिनपत्रे. वर प्लास्टिकची टाकी, खाली एक एचपीची मोटर, लोखंडी कूलर, छताचे पंखे. बारीकसारीक कामाला तालुक्याहून माणूस लवकर मिळत नाही, म्हणून घरीच करायची आहेत. बजेट साडेतीन हजार. ऑनलाइन शंभर-सव्वाशे नगांचे सेट याच पैशात दिसतात. सेट घ्यावा की सुटी हत्यारं? ड्रिल मशीन आत्ताच लागेल का? सब्बल, कुऱ्हाड, फावडं घरात आहे, ते धरू नका.

फिटर_वर्धा
सेट नको. त्या शंभर नगांची यादी नीट वाचा. बहुतेक नग म्हणजे बिट, चिमुकली सॉकेट आणि खिळे-स्क्रू. पक्कड आणि हातोडी, जी रोज लागते, तीच त्यात सगळ्यात हलकी असते. सुटंच घ्या, आणि घरातल्या नट-बोल्टची मापं आधी लिहून मग दुकानात जा.

पक्कड आठ इंची. घेताना जबडा बंद करून उजेडासमोर धरा. कापायच्या धारेतून उजेड दिसला तर बारीक वायर तुटत नाही, नुसती चेपते. जोड आडवा हलत असेल तर ठेवून द्या. मुठीवर जाड प्लास्टिक आहे म्हणून ती विजेच्या कामाची झाली असं नाही, १००० व्होल्टची खूण छापलेली बघा. आणि तशी असली तरी काम मेन स्विच बंद करूनच.

पेचकस दहा नकोत, तीन पुरेत : फुलीचा दोन नंबर (घरातले बहुतेक स्क्रू याचेच), फुलीचा एक नंबर, आणि साधारण ६ मिमी रुंद तोंडाचा चपटा. मोठ्या खाचेत लहान टोक घातलं की ते उसळून बाहेर येतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. स्क्रू "गोल झाला" म्हणतात तो असाच होतो.

पाने दोन तोंडाचे, ६-७ पासून २०-२२ पर्यंत आठ नगांचा संच मिळतो. हा एकच संच असा आहे की जो संच म्हणून घ्यावा. ६ मिमी बोल्टला १० चा पाना, ८ मिमीला १३ चा, १० मिमीला बहुधा १७ चा, १२ मिमीला १९ चा. मोटरसायकललाही हेच लागतात. गंजलेल्या नटासाठी १३ आणि १७ चा रिंग पाना वेगळा घ्या. उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजू धरतो आणि कोपरे घासतो, रिंग सगळीकडून धरते. सरकता पाना दहा इंची एक. तो फिरवताना जोर स्थिर जबड्यावर आला पाहिजे. उलटा लावला की सरकता जबडा ढिला पडतो आणि बोटं सोलली जातात.

आरीची चौकट १२ इंची. इंचाला २४ दात असलेलं पातं पाईपला आणि पातळ पत्र्याला, १८ दातांचं अँगलला. कापताना निदान दोन दात एका वेळी धातूवर टेकले पाहिजेत, नाहीतर पातळ कडेत दात अडकून तुटतात. दातांची दिशा पुढे, म्हणजे ढकलताना कापेल अशी.

बाकी : ५ मीटरचा टेप, अर्धा किलोची खिळे उपटायची हातोडी, एक कानस, तारेचा ब्रश, इन्सुलेशन टेप.

वऱ्हाडी_सुतार
हातोडीबद्दल सांगतो भाऊ. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड सुकून आखडते अन् डोकं ढिलं होते. मंग लोकं थे रातभर पाण्यात ठेवतात. तसं नोका करू. पाण्यानं लाकूड फुगते खरं, पण लोखंडाच्या आतच दाबल्या जाते, अन् सुकलं का पयल्यापेक्षा जास्त ढिलं. दांड्याच्या तोंडात पाचर ठोका, लाकडाची एक आडवी अन् लोखंडाची एक तिरपी. नवा दांडा बसवाचा असन त बाभळीचा नाहीतर तिवसाचा, सुकलेला, उभ्या रेषाचा. गाठ असलेला घेऊ नोका, तिथूनच मोडते.

अन् पेटी खताच्या पोत्यापाशी ठेवू नोका. युरिया, पोटॅश हवेतलं पाणी ओढते, पावसाळ्यात त्या खोलीतलं लोखंड लवकर गंज धरते. काम झालं का कपड्यानं पुसा अन् मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा.

मल्टिमीटर
विजेचं कुणी लिहिलं नाही, आणि गावाकडे तेच आधी लागतं. टेस्टर घ्याच, पण त्याची मर्यादा ओळखा. एक, वापरण्याआधी चालू पॉइंटवर पेटतो का ते दर वेळी बघा. दोन, न्यूट्रल तुटला असेल तर टेस्टर न्यूट्रलवरही पेटतो, कारण चालू असलेल्या पंख्या-दिव्यातून करंट तिथवर येऊन थांबलेला असतो. तीन, अर्थिंग आहे की नाही हे टेस्टर सांगूच शकत नाही.

म्हणून साधा डिजिटल मल्टिमीटर. एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर : फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ खूप कमी दिसलं तर अर्थिंग कामाचं नाही. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपियरच्या छिद्रात राहिली असताना व्होल्टेज मोजायला गेलात तर थेट शॉर्ट होतो. मोजण्याआधी छिद्र बघा, मग प्लग. वापर नसेल तेव्हा आतला सेल काढून ठेवा, उन्हाळ्यात फुटून पाझरतो.

संध्याकाळी पंखा हळू झाला की लोक लगेच कपॅसिटर बदलतात. आधी व्होल्टेज मोजा. १८० असेल तर पंख्याचा दोष नाही. व्होल्टेज ठीक असून पंखा हाताने ढकलल्यावरच सुटत असेल, तर कपॅसिटर. छताच्या पंख्याला बहुधा २.५ एमएफडी असतो, पण जुन्यावर छापलेलाच आकडा आणा.

जुने किटकॅट फ्यूज असतील तर फ्यूजची तार पेटीत ठेवा. तांब्याचे दोन-चार धागे पिळून घातले की फ्यूज उडतच नाही, उडते ती भिंतीतली वायर.

राळेगावकडचा
@मल्टिमीटर, आमच्या कूलरला दोन पिनची टॉप (प्लग) आहे. हात लावला की कधीकधी मुंग्या येतात. पंप बदलू का?

मल्टिमीटर
पंप नंतर. आत्ता तो कूलर बंद करून प्लग काढून ठेवा, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. लोखंडी टब, पाणी आणि दोन पिनची टॉप, यातून दर उन्हाळ्यात माणसं जातात.

तीन पिनची टॉप आणि तीन तारांची वायर आणा. हिरवी तार कूलरच्या बॉडीला स्क्रू-वायसरने घट्ट. तिथला रंग आधी कानशीने खरवडून लोखंड उघडं करा. रंगावर स्क्रू आवळला तर तार जोडलेली दिसते पण लागलेली नसते. मग प्लग बाहेर असताना मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक टॉपच्या जाड पिनला, दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडाला. एक ओहमच्या आत आलं पाहिजे. वायर पत्र्याच्या छिद्रातून आत जाते तिथे रबरी बुश लावा, बहुतेक वेळा पत्र्याची धार वायर कापते आणि बॉडीत करंट येतो. पंपाची वायर कुठे सोलली आहे का तेही बघा.

त्यानंतर घराचं अर्थिंग. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळून अर्थिंगच्या सळईपासून सुटते, अर्थिंग कमजोर होतं, आणि कूलर नेमका तेव्हाच चालू असतो. खड्ड्यात नियमित पाणी सोडा. ३० मिलीअँपियरचं आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) मेनवर बसवून घ्या, ते मात्र परवानाधारक वायरमनकडूनच.

नळवाली_ताई
नळाच्या कामाला सरकता पाना चालतो, पण पाईप धरायला बारा इंची पाईप पाना हवाच. एक इंचापर्यंतचं सगळं त्यात होतं. टेफ्लॉन टेप लावताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यासारखं गुंडाळायचं. उलटं गुंडाळलं की आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते. पितळी नळाला पातळ टेपचे दहा-बारा वेढे. प्लास्टिकच्या सॉकेटला त्याहून कमी, जास्त जाड झालं तर सॉकेट उभी तडकते आणि गळती भिंतीत सुरू होते. सीपीव्हीसी पाईप चिकटवायचं सोल्युशन वेगळं असतं, साध्या पीव्हीसीचं त्याला चालत नाही. अर्धा इंची नळाचे वायसर चार-सहा ठेवा, क्षाराच्या पाण्यात लवकर जातात.

गॅसच्या नळीला कुठलाही पाना लावू नका भाऊ. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा आणि एजन्सीला कळवा.

फिटर_वर्धा
ड्रिल आत्ता नको. भाड्याने किंवा शेजाऱ्याकडून मिळते.

वऱ्हाडी_सुतार
मले नाही पटत. पक्क्या भिंतीत खिळा ठोकला का गिलावा पडते. १३ मिमीची इम्पॅक्ट ड्रिल असली त एका दिवसात घरभर खुंट्या होतात. पण मातीच्या भिंतीत तिचं काई काम नाही. स्क्रूचा प्लास्टिकचा गट्टू धरतच नाही तिथं. दोन इंच चौकोन, तीन इंच खोल खाच करा, आत थोडी रुंद. तिच्यात लाकडाची गुट्टी, जाड बाजू आत, एकास तीन सिमेंट-रेतीत बसवा. चांगली वाळू द्या, मंग स्क्रू.

फिटर_वर्धा
गुट्टीचं बरोबर. पण यांच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर ड्रिलचा वेग आणि जोर दोन्ही घटतात. माणूस मग दाबतो, मशीन अडते आणि वायंडिंग तापून जळतं. घ्यायचीच तर सकाळी वापरा, आणि एक्स्टेंशनची वायर १.५ चौरस मिमी ठेवा. भिंतीला ६ मिमीचं बिट, ६ चा गट्टू, छिद्र गट्टूपेक्षा सेंटिमीटरभर खोल, आणि आतली भुकटी फुंकून काढा. भुकटी राहिली की गट्टू अर्धाच जातो.

टिनपत्रा
स्वयंपाकखोलीवर पत्रे आहेत म्हणता, तर रोहिणी लागायच्या आत वर बघून घ्या. जे-हुक (पत्रा बल्लीला धरणारे वाकडे बोल्ट) असतील तर नटाच्या मापाचा रिंग पाना, बहुधा १० किंवा १३ चा. नवे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू असतील तर १२ नंबरच्या स्क्रूला ८ मिमीचं सॉकेट. छिद्र नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगट नाळीत कधीच नाही, तिथून पाणी वाहतं. वरून क्रम असा : नट, लोखंडी टोपी वायसर, त्याखाली डांबरी वायसर, मग पत्रा. उन्हाने डांबरी वायसर तडकतात, गळती बहुतेकदा तिथूनच. बदलताना वायसर नीट बसेपर्यंतच आवळा. आणखी एक फेरा दिला की उंचवटा दबतो, स्क्रूभोवती खळगा होतो आणि पाणी साचतं. म्हणजे गळती थांबवायला गेलो आणि जागा करून दिली.

नट गंजून बसला असेल तर रात्री डिझेल सोडून सकाळी प्रयत्न करा, नाहीच तर आरीने कापा. बारीक छिद्राला आधी तारेचा ब्रश, मग ॲल्युमिनियमची ब्युटाइल टेप, कोरड्या पत्र्यावर. चढलात तर खालच्या बल्लीच्या रेषेवरून चाला, दोन बल्ल्यांवर फळी टाकून. गंजलेल्या पत्र्यावर मधोमध पाय दिला तर माणूस थेट चुलीवर येतो.

राळेगावकडचा
पटलं, सुटंच घेतो. साडेतीन हजारात सगळं बसलं नाही तर मागे काय ठेवू?

फिटर_वर्धा
ड्रिल आणि पाईप पाना मागे. पक्कड, तीन पेचकस, आठ पान्यांचा संच, टेस्टर आणि मल्टिमीटर पहिल्या फेरीत. सगळ्यांआधी कूलरची वायर आणि तीन पिनची टॉप. नागपूरला जाणं झालं तर इतवारी बाजारात हातात घेऊन, जबडे उघडझाप करून घेता येईल; हत्यार फोटोवरून कळत नाही.