अनुभव धागा : समाधान शिकावं लागतं का?

बायबलमधल्या प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला (तिथल्या ख्रिस्ती लोकांना) पत्र लिहिलं ते कैदेतून. त्यात तो म्हणतो, असेन त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो. ‘मिळालं’ नव्हे, ‘शिकलो’. परवा उपासनेत हा भाग वाचला गेला आणि ते क्रियापद काही डोक्यातून जाईना. तुम्ही कधी शिकलात, कशावरून? चमत्कार झाला असेल तर आनंदच आहे, पण शक्यतो साधं, घरातलं लिहा. शिकला नसाल तर तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही नगरचे (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं). आमच्याकडे हार्वेस्टला (पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण) चर्चच्या आवारात लिलाव असतो. कुणी दुधी आणतं, कुणी कोंबडी, कुणी केक. बोली लागते, पैसे मंडळीच्या कामाला. वडिलांची कंपनी बंद पडली त्या वर्षी आईने दारच्या झाडाची पाच लिंबं नेली. मी नववीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका काकांनी ती पन्नास रुपयांना घेतली आणि परत टेबलावर ठेवली, “पुन्हा बोला!” तीच लिंबं तीनदा विकली गेली आणि शेवटी कुणीतरी आईच्याच पिशवीत टाकली. घरी तिने सरबत केलं. साखर बेताचीच होती, पण वडील कित्येक दिवसांनी हसले. नोकरी त्यानंतरही दीड वर्ष नव्हतीच.

वसईकरीण
आम्ही कॅथलिक. संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) झाल्याशिवाय आजी पान वाढत नसे. तीच प्रार्थना पन्नास वेळा, मला जाम कंटाळा यायचा. पुढे वाडीच्या वाटणीवरून भावाशी बिनसलं. कोर्ट, वकील, दोन वर्षं अबोला. आजी गेली तेव्हा घरात रोझरी ठेवली. ती म्हणायची पद्धत अशी की पहिली अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. भाऊ सांगायला बसला. त्याने अर्धी म्हटली की पुरी करायला मी होतेच. पन्नास वेळा. तिसऱ्या दशकात (दहा-दहा प्रार्थनांचा एक गट) त्याचा आवाज फुटला, तर त्याचाही अर्धा भाग मीच म्हटला. केस अजून चालू आहे. तारखेच्या आदल्या रात्री झोप मात्र लागते.

तिरकस
माझं कडू लागेल. आजोबा गावकुसाबाहेरचे, तिथूनच ख्रिस्ती झाले. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या 1950च्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना तो 1956 साली मिळाला, बौद्धांना 1990 साली. धर्म बदलला म्हणून गावाने आमची वस्ती काही हलवली नाही. त्यामुळे चर्चमध्ये पुलपिटावरून (प्रवचनाच्या जागेवरून) ‘समाधान माना’ ऐकलं की डोकं फिरतं. पौल स्वतःबद्दल बोलत होता, दुसऱ्याला गप्प बसवत नव्हता. आता गंमत बघा, रेव्हरंड टिळक (कवी ना. वा. टिळक) 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले चित्पावन ब्राह्मण, आणि वडील पेटीवर त्यांची भजनं धरतात तेव्हा माझा राग उतरतो. का, ते विचारू नका. सकाळी परत चढतो.

आमेन म्हणणारा
दारू सुटली. सहा वर्षं झाली. बाकी लिहिता येत नाही.

निवृत्त सिस्टर
तिरकस, तुमच्या पेटीवरून आठवलं. मी मिरजेला नर्सिंग शिकले, नंतर चौतीस वर्षं वॉर्डात काढली. ‘सेवेतच समाधान’ वगैरे खरं नाही हो, पाय दुखतात. एकदा रात्रपाळीला एक माळकरी आजी झोपेनात. म्हणाल्या, “तुमच्यातलं काहीतरी म्हणा.” ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं टिळकांचं एक भजन हळू आवाजात म्हटलं. त्या पलंगाच्या दांडीवर ताल धरायला लागल्या. “अगं, हा तर अभंगच की!” मग दुसरं, तिसरं. डोक्यावरचं कर्ज, मुलीचं लग्न, काही म्हणता काही आठवलं नाही त्या तासाभरात. पहाटे त्यांनी चहा मागितला. चहा बंद होता त्यांना. बशीत ओतून दोन घोट दिला.